बुऱ्हाणपूर एक घटिका मागे

मे महिन्याच्या शेवटी बुऱ्हाणपुरात दोन गोष्टी पाहायला मिळतात. एक म्हणजे तापीत पाणी नसलं तर तापी कशी दिसते. दुसरी म्हणजे भर दुपारी नाहीशी होणारी सावली. त्या दिवसांत सूर्य खरोखरच डोक्यावर येतो. अंगणात पितळी तांब्या ठेवावा आणि त्याच्याकडे बघत बसावं. (ओसरीवर बसून बघावं. उन्हात बसून बघणाऱ्याची चौकशी पुढे दवाखान्यात होते.) तांब्याची सावली हळूहळू आकसते, बुडाखाली शिरते आणि गडप होते. हा आमच्या गावचा खरा मध्यान्ह. आता आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ बघा: १२ वाजून २२ मिनिटं.

सूर्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची बदली करता येत नाही. घड्याळही बिचारं बरोबर चालतं, फक्त ते मिर्झापूरच्या सूर्यावर चालतं. भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. बुऱ्हाणपूर आहे ७६ अंश १४ कलांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावरून निघालेला सूर्य आमच्यापर्यंत यायला २५ मिनिटं घेतो. वर्षातल्या एकाही दिवशी बुऱ्हाणपूरचा मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून ९ मिनिटांनी होतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ३९ मिनिटांनी. सूर्यसुद्धा कधी लवकर येतो, कधी उशिरा, पण बारा कधीच गाठत नाही.

आणि २५ मिनिटं म्हणजे किती? जुन्या हिशेबात एक घटिका २४ मिनिटांची. म्हणजे आमचं गाव सरकारच्या जवळजवळ एक घटिका मागे आहे. ही तक्रार नव्हे. दख्खनच्या सुभेदारीचं ठाणं इथून औरंगाबादला हललं तेव्हापासून बुऱ्हाणपूर मागे पडलं असं आम्ही ऐकत आलो आहोत. नेमकं किती मागे पडलं, तो आकडा फक्त कुणी सांगत नव्हतं.

गंमत अशी की एके काळी शून्याचं घर आमच्या शेजारी होतं. आपल्या जुन्या ज्योतिषशास्त्राची मध्यरेखा लंकेवरून निघून उज्जैनवरून कुरुक्षेत्राकडे जाते. खानदेशात पाटण्याला ज्यांच्या नातवानं मठ काढला त्या भास्कराचार्यांपर्यंत सगळ्यांनी हिशेब त्या रेषेवरून मांडला. उज्जैन आमच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे आणि दोन्ही गावांच्या मध्यान्हात दोन मिनिटांचाही फरक नाही. तेवढी दोन मिनिटं पंचांगकर्त्यांनी सोडून दिली असती तर आज लंडनचा माणूस आपली वेळ 'बुऱ्हाणपूर वजा पाच तास' अशी सांगत फिरला असता. पण १८८४ साली वॉशिंग्टनला देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि शून्याचा मान ग्रिनिचला देऊन मोकळे झाले. फ्रेंचांना हे इतकं झोंबलं की १९११ पर्यंत त्यांनी दाद दिली नाही, आणि अखेर दिली तीही अशा कायद्यानं की फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ वजा ९ मिनिटं २१ सेकंद. ग्रिनिचचं नाव कुठेही नाही! स्वाभिमान म्हणतात तो हा. आम्हीही उद्यापासून 'भारतीय प्रमाण वेळ वजा एक घटिका' असा बोर्ड लावायला हरकत नाही. बोर्ड रंगवणारा मात्र वेळेवर यायला हवा.

घटिकेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशाहानं अरबीबरोबर एक संस्कृत शिलालेखही कोरून ठेवला आहे. पर्यटक येतात, नागरी अक्षरं बघून 'अरे वा' म्हणतात, फोटो काढतात आणि मावा जिलेबी खायला निघून जातात. तो वाचावा. संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष. दशमी २३ घटिकांपर्यंत, पुढे एकादशी. वार सोमवार. कृत्तिका ३३ घटिका, नंतर रोहिणी. योग सांगितलाय, करण सांगितलंय. आणि एवढं झाल्यावर वेळ: रात्रीच्या ११ घटिका गेल्यावर, कन्या लग्नावर. हे सगळं मशिदीसाठी! खाली 'कृपया आहेर आणू नयेत' एवढंच लिहायचं राहिलंय. ही जानेवारी १५९० मधली रात्र. सूर्यास्तापासून ११ घटिका मोजल्या तर आजच्या घड्याळात साडेदहाला पाचेक मिनिटं कमी पडतात. सव्वाचारशे वर्षांनंतरही ती वेळ काढता येते, कारण ती सूर्यास्तापासून मोजली आहे, आणि बुऱ्हाणपूरचा सूर्यास्त कुठल्याही राजवटीनं हलवलेला नाही. गेल्या महिन्यातल्या एखाद्या निमंत्रणपत्रिकेवर 'सायंकाळी ठीक ७ वाजता' असं छापलं असेल, तर तो कार्यक्रम केव्हा सुरू झाला हे मात्र कुठल्याही शास्त्रानं काढता येणार नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरात आला. तो सोबत आपली तारीखही घेऊन आला होता, आणि ती दहा दिवस मागे होती. पोपनं १५८२ साली पंचांग सुधारलं ते पोर्तुगिजांनी लगेच घेतलं, इंग्रजांनी पोपचं काही ऐकायचं नाही म्हणून घेतलं नाही. त्यामुळे त्या दिवशी सुरतेच्या इंग्रजाची एक तारीख, गोव्याच्या पोर्तुगिजाची दुसरी, मुल्लाची तिसरी आणि जोशीबुवांची चौथी. रोनं इथल्या मुघल शहजादा परवेझला भेट म्हणून दारूच्या बाटल्यांची पेटी पाठवली आणि पुढच्या भेटीची वाट बघत बसला. ती भेट झाली नाही, कारण शहजादे पेटीपाशी होते. त्या रात्री तरी बुऱ्हाणपूरच्या दरबाराला कुठलीच वेळ लागू नव्हती.

खरी पंचाईत केली ती आगगाडीनं. सूर्यावर चालणाऱ्या गावाला मिनिटं लागत नाहीत, गाडीला लागतात. १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेनं मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. तिथून रोज तारेनं इशारा यायचा आणि स्टेशनावरची घड्याळं जुळवली जायची. बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर पाऊल टाकलं की माणूस १६ मिनिटांनी म्हातारा व्हायचा. मुंबईकराचे हाल जास्त. तिथे गावची वेळ आणि रेल्वेची वेळ यांत अर्धा तास. बोरीबंदरला निवांत पोचलेल्या माणसाला गाडीचा धूर तेवढा दिसायचा. १८८१ साली गव्हर्नरसाहेबांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांतही मद्रासची वेळ लावून पाहिली. लोकांनी असा दंगा केला की दोन वर्षांत प्रकरण गुंडाळावं लागलं. पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाण वेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढची. गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पगार तोच, मग अंधारात का यायचं? महापालिकेनं तर ठरावच केला आणि ही मुंबईची वेळ पार १९५५ पर्यंत चालवली. इंग्रज गेले, संस्थानं गेली, तरी ३९ मिनिटांचं हे संस्थान आठ वर्षं जास्त टिकलं.

आता या प्रमाण वेळेची एक बाजू कुणाच्या लक्षात आलेली नाही, ती इथे नोंदवून ठेवतो. रामनवमीला आमच्याकडच्या राममंदिरात कीर्तनकारबुवा घड्याळाकडे एक डोळा ठेवून आख्यान लांबवत असतात. ११ वाजून ५५ मिनिटांनी कौसल्येला कळा सुरू होतात, बाराच्या ठोक्याला गुलाल उधळला जातो आणि सुंठवडा फिरतो. रामाचा जन्म मध्यान्हीचा, आणि आमचा मध्यान्ह तेव्हा २५ मिनिटं दूर असतो. एका चिकित्सक आजोबांनी हा मुद्दा एकदा भर मंडपात काढला होता. सूर्यवंशातल्या मुलाचा जन्म सूर्याला न विचारता कसा करता, असा त्यांचा सवाल. बुवा गडबडले. त्यांना नकाशा माहीत असता तर गडबडले नसते. अयोध्या आहे ८२ अंश आणि थोड्या कलांवर, मिर्झापूरच्या रेषेला जवळजवळ चिकटून. देशाची प्रमाण वेळ ही मिनिटभराच्या फरकानं अयोध्येची वेळ आहे! १९०६ साली इंग्रजांनी हे नकळत करून ठेवलं. त्यामुळे आमच्या पाळण्याची दोरी बरोबर वेळेवर हलते. ती बुऱ्हाणपूरच्या नव्हे, अयोध्येच्या मध्यान्हाला हलते इतकंच. नुकसान झालं ते श्रीकृष्णाचं. मथुरेची मध्यरात्र घड्याळात १२ वाजून १९ मिनिटांनी होते, आणि देशभर गोविंदा बाराला जन्मतो. कंसाच्या पहारेकऱ्यांना झोप लागायच्या आधीच.

मिनिटांचं हे सगळं भांडण बुऱ्हाणपुरातल्या माणसाला तसं किरकोळ वाटतं, कारण इथे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पंधरा दिवसांचा फरक असतो. आमचा महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी भाभींचा पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की भिंतीपलीकडे सावन लागतो, आणि भिंतीअलीकडे अजून पंधरा दिवस आषाढ. तिकडे सोमवारचा उपास आणि बेलपत्र, इकडे आषाढ तळणं चालू, कापण्यांचा घाणा कढईतून उतरतोय. अमावास्येला तिकडे हरियाली अमावस, इकडे दिव्यांची पूजा, आणि पुरुषमंडळींची एक वेगळीच अमावास्या, जिचा वास भिंत जुमानत नाही. त्या दिवशी भाभी गच्चीवरून आमच्या काकूंना विचारतात, "चाची, आपका सावन कब लगेगा?" आणि काकू परातीतली कणीक मळता मळता सांगतात, "कल से, बेटा." परदेशातल्या माणसाला फोन करून 'तुमच्याकडे किती वाजले' असं विचारावं तितक्या सहज. राखीला त्यांचा सावन आटोपतो तेव्हा आमचा श्रावण ऐन मध्यावर असतो, तो पोळ्याला संपतो. यात कुणाचं काही बिघडत नाही. फार तर आई मराठी आणि बायको हिंदी असलेल्या गृहस्थाला दीड महिना कांद्याशिवाय काढावा लागतो. अशी उदाहरणं गावात आहेत. त्यांची नावं देत नाही, त्यांना आधीच पुरेसा त्रास आहे.

बोहरी मोहल्ल्याचं आणखी निराळं. त्यांचं मिसरी पंचांग आधीच गणित करून ठेवलेलं असतं, ते चंद्र दिसायची वाट बघत नाहीत. त्यामुळे त्यांची ईद होते, आणि बाकीच्या मुसलमानांची एक-दोन दिवसांनी. गावातल्या मिठाईवाल्याला विचारा, वेळेत एकसूत्रता हवी का? दोन ईदांना दोनदा दराबा विकणारा माणूस एकसूत्रतेच्या बाजूनं कशाला बोलेल?

दिवस केव्हा सुरू होतो, यावरही आमच्यात एकमत नाही. काकूंचा सूर्योदयाला. मशिदीचा सूर्यास्ताला. सरकारचा मध्यरात्री, म्हणजे कुणीही बघत नसताना. त्यामुळे गुरुवारी रात्री नऊला काकूंचा दत्ताचा वार चालू असतो, मोमिनपुऱ्यात शुक्रवारची रात्र लागलेली असते, आणि रात्री एक वाजता सरकारी शुक्रवार सुरू झाला तरी काकूंचा गुरुवार हटत नाही. संकष्टीला तर मिनिटाचा प्रश्न. दिनदर्शिकेत चंद्रोदय गावागणिक दिलेला असतो. आमच्या घरात जळगावची वेळ बघायची की नागपूरची, यावर दोन पक्ष आहेत. नागपूरला चंद्र आमच्यापेक्षा अकरा मिनिटं आधी उगवतो, जळगावला तीन मिनिटं उशिरा. भूक लागलेला पक्ष नागपूरचा. खरं तर गच्चीवर जाऊन चंद्रच बघता येतो, पण ते फार सोपं पडतं.

अशा गावातून न्यू जर्सीला फोन करायचा म्हणजे आम्हाला काही विशेष वाटायला नको. तरीही तिथली माणसं वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात हे काकूंना पटलेलं नाही. "सूर्य तोच, ऊन तेच, मग तास कुणाच्या खिशात जातो?" असं त्यांनी तिथल्या पुतणीला विचारलं. पुतणीनं विजेची बचत, उन्हाळ्यातली संध्याकाळ वगैरे समजावलं. काकू म्हणाल्या, "मग लवकर उठा की!" या विषयावर झालेल्या सगळ्या संशोधनाचं सार एवढंच असावं अशी माझी समजूत आहे.

बाकी जगातही शहाणपण फार वाटलेलं नाही. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे; ते १९८६ पासून. पंधरा मिनिटांचं स्वातंत्र्य, पण स्वातंत्र्यच. चीन केवढा पसरलेला, पण घड्याळ एक, बीजिंगचं. अफगाणिस्तानच्या डोंगरातून चीनमध्ये पाऊल टाकलं की साडेतीन तास पुढे. उत्तर कोरियानं २०१५ साली घड्याळ अर्धा तास मागे घेतलं आणि २०१८ साली परत पुढे. सामोआनं २०११ च्या डिसेंबरात शुक्रवार, ३० तारीख गाळूनच टाकली, गुरुवारनंतर थेट शनिवार! त्या दिवशी तिथे कुणाची संतोषीमाता असती तर उद्यापन कसं करायचं?

भारतातही सुधारक आहेत आणि सगळ्यांचीच मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अरुणाचलात उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या आधी उजाडतं आणि कचेरी उघडते दहाला. तोवर तिथल्या माणसाचा अर्धा दिवस संपलेला असतो. आसामच्या चहामळ्यांनी तर शंभरहून जास्त वर्षं आपलं 'बागान टाइम' तासभर पुढे ठेवलं आहे. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन वेळा सुचवल्या, ईशान्येला एक तास पुढची. दुसरा एक पक्ष म्हणतो, दोन नकोत, सगळ्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करा, वीज वाचेल. तसं केलं तर बुऱ्हाणपूर सव्वादोन घटिका मागे जाईल आणि जानेवारीत सूर्य साडेसातनंतर उगवेल. वीज वाचेल ती संध्याकाळी. सकाळी शाळेचा दप्तर-डबा शोधायला जो दिवा लावावा लागेल त्याचं बिल कुणी द्यायचं?

अमेरिकेतल्या हँके आणि हेन्री या दोन प्राध्यापकांचा उपाय सर्वांत जालीम. पृथ्वीवरचे सगळे वेळपट्टे रद्द करा, सगळीकडे ग्रिनिचची एकच वेळ. मी हा उपाय बुऱ्हाणपूरला लावून पाहिला. दुपारचं जेवण सात वाजता. कचेरी पाचला. पावरलूमची रात्रपाळी दुपारी अडीचला सुरू. सिनेमाचा शेवटचा खेळ दुपारी चारचा. हे सगळं हास्यास्पद आहे असं मी काकूंना सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मग तारीख केव्हा बदलेल?" आजच्या हिशेबानं पहाटे साडेपाचला. काकू उठून बसल्या. साडेपाच! म्हणजे जवळजवळ सूर्योदयालाच. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मध्यरात्रीच चुकत होते." जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला हा पाठिंबा अद्याप कळवलेला नाही.

आपलं सरकार मात्र उलट्या दिशेला निघालं आहे. २०२५ च्या जानेवारीत ग्राहक व्यवहार विभागानं एक मसुदा काढला: कायदेशीर, प्रशासकीय, व्यापारी सगळ्या कामकाजाला भारतीय प्रमाण वेळ सक्तीची, दुसऱ्या कुठल्या वेळेचा उल्लेख नको. बँका, दूरसंचार, विजेचं जाळं यांच्यासाठी हे ठीकच आहे, सेकंदाच्या फरकानं तिथे पैसे इकडचे तिकडे होतात. खगोलशास्त्र आणि नौकानयनाला सूट मिळू शकते. रात्रीच्या ११ घटिका कोरलेल्या शिलालेखाचं काय, तेवढं विचारून घ्यायला हवं.

माझं मत विचाराल तर घड्याळ एकच असू द्या, मिर्झापूरचं म्हणा की अयोध्येचं म्हणा. घड्याळाचे काटे दिल्लीहून फिरवायचे म्हणजे समिती, अहवाल, संसद, आणि एखाद्या राज्याचा रुसवा. उलट आमच्याकडे दरवर्षी खरी वेळसुधारणा होते आणि तिची कुणी बातमीसुद्धा नीट छापत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडली की मध्य प्रदेशात कलेक्टर साहेबांचा एक कागद निघतो: शाळा अमुक वाजण्याच्या आधी भरवू नयेत. एक सही, एक शिक्का. दुसऱ्या दिवसापासून जिल्ह्यातली सगळी पोरं सूर्यावर चालायला लागतात आणि घड्याळाला पत्ताही लागत नाही. इटानगरलाही हाच कागद चालेल; तिथे फक्त 'आधी'च्या जागी 'नंतर' लिहावं लागेल.

म्हणून मसुदा करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. वेळ दिल्लीत ठेवा, घंटा जिल्ह्याच्या हातात द्या, आणि तो कागद काढायला थंडीच्या लाटेची वाट बघायला लावू नका. जानेवारीत बुऱ्हाणपूरचा सूर्य ७ वाजून ५ मिनिटांनी उगवतो, आणि सकाळच्या शाळेची बस आमच्या कोपऱ्यावर साडेसहाला हॉर्न देते.